गावाचा हिशेब कोपरखैरण्यातून सुरू कर

कोपरखैरणे, रविवार

प्रिय मुली,

उत्तर प्रदेशातल्या जौनपूरजवळच्या खेड्यात सहा महिने राहून पाहणी करायला तुझी निवड झाली, हे कळलं तेव्हापासून मी आनंदात आहे. तुझी प्रश्नावली रात्रीच वाचून काढली. पिकं, खतं, पाणी, जनावरं, सगळं आहे. "घरातलं कोण बाहेरगावी आहे?" हा प्रश्न मात्र शेवटून दुसऱ्या पानावर, एका ओळीत उरकलेला. तो पहिल्या पानावर आण.

का, ते सांगते. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार उत्तर प्रदेशात एका खातेदाराकडे सरासरी ०.७३ हेक्टर जमीन आहे. आपल्या महाराष्ट्रात १.३४. हेक्टरी ३५ क्विंटल गहू धर, म्हणजे तिथल्या ०.७३ हेक्टरात साडेपंचवीस क्विंटल. २०२५-२६ च्या खरेदी हंगामाचा हमीभाव क्विंटलला २४२५ रुपये होता. दाणा न् दाणा त्या भावाने विकला तरी ६२ हजारांच्या आत. त्यातून बी, डीएपी-युरियासारखी खतं, ट्रॅक्टर, पाण्याचे तास, कापणी-मळणी वजा व्हायची, आणि घरच्या पोळीपुरता गहू कोठीत राहायचा तो वेगळाच. खरिपात भात येतो, पण त्यातलाही मोठा वाटा घरातच खपतो. आता आपल्या नाक्यावरचा भाजीवाला घे. तो जौनपूर जिल्ह्यातल्या मडियाहूंकडचा. घरी महिन्याला आठ हजार पाठवतो, म्हणजे वर्षाला ९६ हजार. त्याच्या घराचं सर्वांत मोठं शेत इथे, या हातगाडीवर आहे.

म्हणून गाडीत बसण्याआधी त्याच्याशी बोल. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं, तेव्हा जा. गावची जमीन कोण कसतं, अधियावर दिली आहे का, दिली असेल तर बी-खताचा खर्च कोणाचा, हे विचार. अधिया म्हणजे आपली अर्धेली, पण "अर्धं" हे नेमकं कशातलं, यावर सगळं असतं. मग मागच्या वेळी पाठवलेले पैसे कशाला लागले, ते विचार. बहिणीचं लग्न, दवाखाना, पक्क्या घराचा स्लॅब, की बोअरिंगचं इंजिन? या एका उत्तरात तुला अख्खं घर दिसेल.

हे माझं एकटीचं म्हणणं नाही. उत्तर प्रदेशातल्याच मुरादाबाद जिल्ह्यातल्या पालनपूर या लहानशा गावाची पहिली पाहणी १९५७-५८ मध्ये झाली, आणि पुढे अनेक दशकं अभ्यासक त्याच गावात, घरोघरी परत जात राहिले. १९८३-८४ मध्ये अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ तिथेच मुक्काम करून होते. हरित क्रांतीने गव्हाचा उतारा वाढवला, सिंचन वाढलं, तरी नंतरच्या काळात तिथल्या घरांचं नशीब जास्त ठरवलं ते शेताबाहेरच्या कामाने. आपल्याकडे शेतीतज्ज्ञ हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा असाच बारकाईने अभ्यास केला, तो १९१७ साली प्रसिद्ध झाला. शेतांचे तुकडे कसे पडत गेले, हे त्यांनी तेव्हा मोजून दाखवलं. आज तिथे इमारती आहेत.

मोजमापाबद्दल जपून राहा. उमेदवारीच्या काळात मी जौनपूरच्याच भागात तीन महिने काढले आणि सगळीकडे "बिघा" एकच धरला. पक्का बिघा म्हणजे पाव हेक्टर, आणि कच्चा त्याहून बराच लहान, शिवाय गावागणिक वेगळा, हे मला परत आल्यावर कळलं. अख्खा तक्ता रद्द करावा लागला. त्या शेतकऱ्यांचे तास मी वाया घालवले, याची खंत अजून आहे. प्रत्येक आकड्यापुढे त्याच माणसाच्या तोंडचं माप लिही, हेक्टर नंतर कर. तिथे सातबारा नाही, खतौनी असते. तलाठी नाही, लेखपाल असतो.

आणखी एक चूक मी केली, ती तू करू नकोस. घराघरात बायकांच्या नावापुढे मी "गृहिणी" लिहीत गेले. नवरा मुंबईत, सासरा थकलेला. शेजारच्या ट्यूबवेलवर पाण्याची पाळी लावायला तीच जाते, मजूर तीच ठरवते, म्हशीची धार काढते, छुट्टा म्हणजे मोकाट जनावरं आणि नीलगायी पिकात शिरू नयेत म्हणून रात्रीची राखणही करते. खतौनीवर नाव सासऱ्याचं. तू मुलगी आहेस, चुलीपर्यंत जाशील. तुझ्याबरोबरच्या मुलांना ओसरीवरच थांबावं लागेल. पण सासूसमोर सुनेला पैशाचं विचारू नकोस. तिच्याबरोबर चारा आणायला जा, वाटेत ती आपणहून बोलेल. लगेच वही काढू नकोस.

"वार्षिक उत्पन्न किती?" याला कोणीही खरं उत्तर देणार नाही, आणि त्यात लबाडी नसते. असा आकडा त्यांच्या आयुष्यात नसतोच. हंगाम धरून विचार: गव्हाच्या पेरणीला पैसे कुठून आणले? कापणी झाल्यावर पहिलं कोणाचं देणं फेडलं? तू नोव्हेंबरात पोहोचशील, तेव्हा पेरणीची धावपळ असेल आणि दिवाळी-छठला आलेले पुरुष परत निघालेले असतील. होळीला पुन्हा येतील, तेव्हा त्याच घरांची पाहणी परत कर.

गावात पहिले काही दिवस लोक तुझ्याकडे संशयाने बघतील. कागद घेऊन जमीन विचारणाऱ्या माणसाची भीती काय असते, हे तुला मी सांगायला नको. नवी मुंबई उभी राहताना घणसोलीतली तुमची भातशेती संपादनात गेली. आजोबांना विचार, मोजणीला आलेल्या माणसांना घरात काय सांगायचं आणि काय नाही, हे तेव्हा कसं ठरायचं. ते ऐकून जा. आणि रेशनकार्ड, किसान सन्मान योजनेचे वर्षाचे सहा हजार किंवा जमीन, यातल्या कशालाही तुझ्या वहीने धक्का लागणार नाही, हे प्रत्येक दारात पहिल्यांदा सांग.

बुधवारी संध्याकाळी मी घरीच आहे. माझ्या जुन्या वह्या काढून ठेवल्या आहेत, रद्द झालेला तक्ताही त्यात आहे. येताना भाजीवाल्याकडे थांबून ये, आणि तो काय म्हणाला ते आधी मला सांग.

तुझी,
मॅडम