वारंवार तुटणारा बोल्ट काय सांगतो?

प्रश्न : मेस्त्री, नमस्कार. वाळपईच्या वरच्या अंगाला डोंगरात आमची जमीन आहे. परवाना काढून फणसाची आणि सागवानाची काही झाडे पाडली आहेत. उतार असा की टेम्पो सोडाच, ट्रॅक्टरही खाली उतरत नाही. म्हणून दांडेलीकडच्या एका ठेकेदाराकडून ट्रॅक्टरच्या मागे बसणारी जुनी विंच, म्हणजे ड्रमवर वायररोप (तारांचा दोर) गुंडाळत ओंडका ओढणारे यंत्र, घेतली. पाटीवर 4 टन लिहिले आहे. पण ओंडका अर्ध्या वाटेवर आला की विंच सोडते. शिवाय पीटीओ शाफ्टचा (ट्रॅक्टरची ताकद विंचला देणाऱ्या फिरत्या दांड्याचा) बोल्ट दर दोन-तीन ओंडक्यांमागे तुटायचा. एकाच्या सांगण्यावरून 12.9 ग्रेडचा, जास्त मजबूत बोल्ट घातला, तेव्हापासून तुटत नाही. विकणारा म्हणतो, ब्रेकचा लायनर (घासून पकडणारा थर) बदला, सगळे ठीक होईल. बदलू का?
— एक वाचक, सत्तरी

उत्तर : लायनरचे नंतर बघू. आधी तो 12.9 चा बोल्ट काढा.

तो बोल्ट तुटण्यासाठीच तिथे बसवलेला असतो. ओढ मर्यादेबाहेर गेली की चहाच्या किमतीचा बोल्ट जातो आणि गिअरबॉक्स वाचतो. तुम्ही बोल्ट पक्का केलात, पण त्याला जे तोडत होते ते अजून तिथेच आहे. आता ते शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस तोडेल, गिअरचे दात तोडेल, नाहीतर वायररोप. विंचच्या पत्रकात जी ग्रेड लिहिली असेल तीच घाला. बहुधा ती 8.8 असते, बोल्टच्या डोक्यावर आकडा कोरलेला असतो. पाच-सहा बोल्ट खिशात ठेवा.

तुटलेले जुने तुकडे फेकले नसतील तर उजेडात धरून बघा. काप सरळ, सुरीने कापल्यासारखा असेल तर खरोखरच भार जास्त झाला. बोल्ट वाकून, खाचा पडून तुटला असेल तर भोक लांबट झाले आहे. भोक लांबट झाले की बोल्ट आत हलतो आणि प्रत्येक झटक्याला थोडा थोडा वाकतो. मग चांगला बोल्टही टिकत नाही. लेथवाल्याकडून भोक गोल करून बुश बसवून घ्या.

काप सरळ निघाला तर ओंडक्याकडे बघायचे. 3 मीटर लांब, 45 सेंटीमीटर जाड ओंडका म्हणजे जवळजवळ अर्धा घनमीटर लाकूड, ओले असताना साधारण 450 ते 500 किलो. सपाटीवर तो घसटत न्यायला वजनाच्या निम्म्याहून थोडी जास्त ओढ पुरते. पण त्याचे नाक चिऱ्याच्या कडेला किंवा बुंध्यात अडकले की विंच आपला सगळा जोर लावते. तेव्हा ओंडका 500 किलोचा आहे की 50 चा, याला अर्थ राहत नाही. म्हणून पुढचे टोक कुऱ्हाडीने चारी बाजूंनी तासून बोथट गोल करा. वाटेत बुंधा असेल तर बाजूच्या जाड झाडाला पट्टा बांधून कप्पी लावा आणि ओंडका वळवून घ्या. कप्पीत रोप दुमडून परत आला की त्या झाडावर जवळजवळ दुप्पट भार येतो, हे ध्यानात ठेवून झाड निवडा. काजूला बांधू नका.

पाटीवरच्या 4 टनांबद्दलही सांगतो. हा आकडा साधारणपणे रिकाम्या ड्रमवरच्या पहिल्या थराचा असतो. ड्रमचा गाभा 12 सेंटीमीटरचा आणि रोप भरल्यावर व्यास 24 झाला, तर वरच्या थरावर ओढ निम्मीच उरते. लांबच्या ओंडक्याला जोर येतो आणि जवळ आल्यावर विंच दमते, त्याचे एक कारण हे असू शकते.

आता ‘सोडते’ म्हणजे नक्की काय करते? लिव्हर ओढून धरलेला असताना शाफ्ट फिरतो आणि ड्रम उभा राहतो, तर दोष क्लचचा. लिव्हर सोडल्यावर ओंडका मागे घसरतो, तर दोष ब्रेकचा. तुमच्या वर्णनावरून मला क्लचचा संशय आहे. तसे असेल तर ब्रेकचा लायनर बदलून तुमचे पैसे जातील, बाकी काही होणार नाही.

दोन्ही ठिकाणी झाकण काढून पहिल्यांदा तेल शोधा. गिअरबॉक्सचा ऑइल सील गळत असेल तर नवा लायनरसुद्धा आठ दिवसांत भिजेल. भिजलेला लायनर पेट्रोलने धुऊन वापरू नका. वरून कोरडा दिसतो, पण गरम झाला की आत मुरलेले तेल पुन्हा बाहेर येते. पट्ट्याचा ब्रेक असेल तर लायनर फुटावर मिळतो. रिव्हेट मारताना मधल्या भोकापासून सुरू करून दोन्ही टोकांकडे जा, म्हणजे लायनर फुगत नाही. रिव्हेटची डोकी लायनरच्या पृष्ठभागाच्या खाली बसली पाहिजेत, नाहीतर ती ड्रम खरवडतील. जुन्या लायनरची भुकटी हवेच्या नळीने उडवू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. ओल्या फडक्याने पुसा.

वायररोपचे तुम्ही काहीच लिहिले नाही, आणि जुन्या विंचमध्ये मी पहिल्यांदा तोच बघतो. 2012 साली खाणी बंद पडल्या, त्यानंतर आमच्याकडे बरेच जुने सामान विक्रीला आले. वर काळे कुळकुळीत ग्रीस, आत चार पावसाळे खाल्लेला गंज. रोपचे पदर (तारांचे पीळ) टोच्याने थोडे उघडा. लाल भुकटी गळली तर रोप भंगारात. मग सुती चिंधी धरून सबंध रोप तिच्यातून ओढा. तुटलेली तार चिंधीत अडकते. उघडा हात फिरवू नका, आयुष्यभर आठवण राहते. पदराच्या एका पूर्ण वेढ्यात, म्हणजे 10 मिलिमीटरच्या रोपवर सहा-सात सेंटीमीटरमध्ये, सहा तारा तुटलेल्या मिळाल्या किंवा एकाच पदरात तीन, तर रोप बदला. गाठ बसून सरळ केलेली जागा किंवा चपटा भाग दिसला तरी तेच. नवा रोप ड्रमवर सैल गुंडाळू नका. दुसऱ्या टोकाला वजन बांधून ताणात गुंडाळा. शेवटचे चार-पाच वेढे ड्रमवर राहिले पाहिजेत. तिथे लाल रंग लावून ठेवा.

पीटीओ शाफ्टवरचे प्लास्टिकचे आवरण जुन्या विंचबरोबर सहसा येत नाही. ते विकत घ्या. मिनिटाला 540 फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. लुंगीचे टोक अडकले तर ओरडायलाही वेळ मिळत नाही.

प्रश्न : 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळात आमच्या कुळागरात आंबा पोफळींवर पडला, तेव्हा यजमानांनी जुना हाताचा टिरफॉर (दांडा मागेपुढे हलवून रोप ओढायचे यंत्र) घेतला होता. काम झाल्यावर तो पंपघरात पडून राहिला. यंदा फणस ओढायला काढला, तर दांडा हलवला की रोप इंचभर पुढे येतो आणि तितकाच मागे जातो. गडी म्हणतात, आतले जबडे झिजले, ग्रीस मुळीच लावू नका, घसरेल.
— एक वाचक भगिनी, सांगे

उत्तर : ताई, गड्यांचा सल्ला उलटा आहे. ही मागे-पुढे होण्याची खोड बहुतेक वेळा वंगणाअभावीच लागते. जबडे चिकटतात, सुटायच्या वेळी सुटत नाहीत. पंपघरातली माती आणि ओल यांनी ते केले असणार.

रोप बाहेर काढा आणि यंत्र रॉकेलच्या टबात रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी हलवून माती झाडा, दोन्ही दांडे चालवा, पुन्हा बुडवा. रॉकेल काळे यायचे थांबले की निथळू द्या आणि वरच्या भोकांतून 90 नंबरचे गिअर ऑइल सढळ हाताने ओता. दांडे आळीपाळीने चालवत राहा, म्हणजे तेल आतपर्यंत जाते. या तेलाने पकड सुटत नाही. ग्रॅफाइट किंवा मॉलिब्डेनम मिसळलेले ग्रीस मात्र घालायचे नाही, त्याने नक्की घसरते. एवढे करूनही रोप धरला नाही, तर मग जबडे झिजले म्हणा. रोपही यंत्राबरोबरचाच, लोखंडी गाभ्याचा हवा. तागाचा गाभा असलेला रोप जबड्यात चेपतो.

दांड्याच्या बुडाशी ज्या पिना असतात त्या भार जास्त झाला की तुटतात. तुटली तर तशीच पिन आणा. हे मी शहाणपणाने सांगत नाही. खाणीच्या वर्कशॉपमध्ये होतो तेव्हा, धारबांदोड्याच्या बाजूला माटाच्या झाडाचा एक बुंधा ओढताना तिसरी पिन तुटली आणि मी वैतागून मोडक्या ड्रिल बिटाचा तुकडा ठोकून दिला. दांड्याला आम्ही दोघे लोंबकळलो. पिन टिकली. मागे झाडाला बांधलेला रोपचा फास तुटला आणि यंत्र माझ्या गुडघ्याशेजारून जाऊन मनगटाएवढा बांबू तोडून पडले. बरोबरचा पोरगा हसत होता, त्याला काय झाले ते कळलेच नव्हते. तेव्हापासून ताणलेल्या रोपवर मी ओले पोते टाकतो आणि त्याच्या सरळ रेषेत कुणाला उभे राहू देत नाही.

आणि भार असताना रोप सोडण्याची मूठ ओढू नका. ती फक्त रोप सैल असतानाच चालवायची.

प्रश्न : पावसात आपोआप पडलेले झाड ओढून न्यायला परवाना लागतो का?
— एक वाचक, केपे

उत्तर : मी यंत्रांचा माणूस. झाडांसाठी आपल्याकडे 1984 चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. करवत लावण्याआधी पडलेल्या झाडाचे मुळासकट फोटो काढा आणि वन खात्याच्या रेंज कचेरीत जाऊन विचारा.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही रोपच्या फासाला तीन यू-क्लिपा (रोपची दोन पदरे एकत्र आवळणाऱ्या यू आकाराच्या पकडी) लिहिल्या. आम्ही वर्षानुवर्षे दोनच लावतो आणि एक उलटी, एक सुलटी. काही होत नाही.
— एक वाचक, फोंडा

उत्तर : 10 मिलिमीटरला तीनच, आणि तिन्ही एकाच दिशेने. यूचा वाकडा भाग रोपच्या आखूड, मोकळ्या टोकावर, आणि खाचेची बैठक भार घेणाऱ्या लांब बाजूवर. उलटी लावलेली क्लिप भाराच्या तारा चेपते. दोन क्लिपांत सहा सेंटीमीटर अंतर ठेवा. पहिला ओंडका ओढून झाला की नट पुन्हा आवळा. ताणाने रोप बारीक होतो, अर्धा-एक फेरा हमखास मिळतो.