डाळिंबाचा हिशोब मोबाईलवर ठेवायचाय? आधी हे वाच

भावा, पहिलीच बाग आहे ना, मग ॲप कुठलं घेऊ हा विचार नंतर कर, साधी गुगल शीट पुरते. मुख्य गोष्ट म्हणजे हिशोब एप्रिल-मार्च असा नको, बहाराप्रमाणे ठेव, म्हणजे झाडाला फुलं धरण्यापासून माल निघेपर्यंतचा एक हंगाम. हस्त बहार धरलास तर पानगळ सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि माल फेब्रुवारी ते एप्रिल, म्हणजे खर्च एका आर्थिक वर्षात अन पैसे कधी कधी दुसऱ्यात, मग नफा झाला का तोटा काहीच कळत नाय.

रकाने पाचच ठेव: तारीख, कशाला, किती, रोख का उधार, कुठला प्लॉट. उधारीचा रकाना विसरू नको, मी पहिली दोन वर्षं फक्त रोख लिहायचो आणि बाग फायद्यात म्हणून खुश, नंतर औषधाच्या दुकानाची उधारी एकदम समोर आली तेव्हा घामच फुटला!

पट्टी, म्हणजे माल विकल्यावर व्यापारी देतो तो हिशोबाचा कागद, हातात आली की तिथंच फोटो काढ, कागद खिशात भिजतो. भाव लिहिताना हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा करून किलोला हातात काय पडलं ते लिही, गावात सांगायचा भाव वेगळा असतो 😄

घरच्यांची मजुरी पण धर, आई-वहिनी छाटणीला राबतात ती फुकट नसते. ड्रीपचा खर्च मात्र एकाच बहारावर टाकू नको, 6-7 वर्षांत वाटून टाक.

आणि किसान क्रेडिट कार्डाची परतफेडीची तारीख मोबाईलमध्ये अलार्म लावून ठेव, 3 लाखांपर्यंत वेळेत भरलं तर केंद्राची 3 टक्के सवलत मिळून व्याज 4 टक्क्यांवर येतं, तारीख चुकली की ती गेली.