बंद ट्रेलरमधून स्नोमोबाइल नेताना त्या मागूनही बांधाव्या लागतात का?

तुमचा प्रश्न असा, की अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात ट्विन सिटीजहून (मिनिआपोलिस-सेंट पॉल) रोझो गावापर्यंत बंद ट्रेलरमधून दोन स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाड्या, न्यायच्या आहेत, दाराला कुलूप असणार. मग पुढे स्कींवर (गाडीच्या पुढच्या घसरपट्ट्यांवर) आडवा दांडा आवळला की पुरे का?

माझ्या मते पुरे नाही. दोन्ही गाड्या स्वतंत्रपणे, मागूनही बांधा.

आधी कायद्याचं. मिनेसोटाच्या वाहतूक कायद्यातलं कलम १६९.८१ खासगी वाहनांनाही लागू आहे. पट्टे किती आणि कसे, हे ते सांगत नाही. वाहनातला माल पडू, गळू किंवा उडू नये अशा रीतीने भरलेला असावा, एवढंच म्हणतं. अक्षरशः वाचलं तर तुमच्या कुलूपबंद दाराने ते पाळलं जातं. पण ट्रेलरच्या भिंतीचा पातळ पत्रा अडीचशे किलोंच्या यंत्राचा धक्का झेलण्यासाठी बनवलेला नसतो, आणि दार उघडलं गेलं तर तुमच्यापाशी दुसरं काहीच उरत नाही.

म्हणून किती बांधायचं याचं माप मी फेडरल, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या, नियमांतून घेतो. ते व्यावसायिक वाहनांसाठी आहेत, तुमच्यावर बंधनकारक नाहीत, पण विचारपूर्वक केलेले आहेत. जोरात ब्रेक लागला तर मालाच्या वजनाच्या ०.८ पट जोर पुढे आणि वळणावर ०.५ पट जोर बाजूला येईल, असं ते धरून चालतात. पुढे अडसर नसेल तर पाच ते दहा फूट लांबीच्या वस्तूला किमान दोन बंध लागतात. स्नोमोबाइल दहा फुटांच्या आसपास असते, काही त्याहून लांब. म्हणजे दोन हे अगदी कमीत कमी.

खरी गोम पट्ट्याच्या लेबलमध्ये आहे. पाकिटावर ठळक छापलेला मोठा आकडा बहुधा पट्टा तुटण्याचा असतो. आपल्याला हवा तो कामाचा भार, म्हणजे पट्ट्यावर सुरक्षितपणे टाकता येणारा भार, जो साधारण त्याच्या एक तृतीयांश असतो. सगळ्या बंधांचा मिळून कामाचा भार वस्तूच्या वजनाच्या निम्मा तरी हवा. शिवाय ट्रेलरच्या कडीतून थेट गाडीला अडकवलेल्या पट्ट्याची निम्मीच क्षमता मोजली जाते. आता हिशोब करा: गाडी ६०० पौंडांची, तर गरज ३०० पौंडांची. ५०० पौंडांचा एक पट्टा मागच्या बंपरला लावला तर धरायचे २५०. कमी पडले! तसेच दोन लावले की ५००. स्कींवरच्या दांड्यावर क्षमता लिहिलेली नसेल तर मी तो या बेरजेत घेतच नाही, तो जादाचा आधार समजतो.

माल बांधतात तो केवळ बाहेर पडू नये एवढ्यासाठी नाही. ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे ओढणाऱ्या गाडीला ट्रेलर जिथे जोडतात त्या जोडावर, असायला हवा. आत गाड्या हातभर जरी मागे सरकल्या तरी तो भार घटतो आणि ट्रेलरचं शेपूट डोलायला लागतं. बर्फाळ रस्त्यावर ते सावरणं फार कठीण, आणि समोरून येणाऱ्या गाडीतही माणसंच बसलेली असतात.

दांडा ज्या बोल्टने बसतो तो फळीतून आरपार, खाली चौकटीपर्यंत गेलेला असू द्या. नुसते लाकडाचे स्क्रू उपटून येतात. मागे दोन रॅचेट पट्टे (खटक्याने आवळायचे) बंपरपासून दोन बाजूंच्या कड्यांना, सस्पेन्शन थोडं दबेल इतके आवळा. बंजीची दोरी ताणली जाते, तिच्यावर गाडी सोपवू नका. पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट आहे ना, तेही पाहा.

आणि ट्रेलरचं वजनही बघा. दोन गाड्यांचे बाराशे पौंड धरले तर बंद ट्रेलर सहज ३,००० पौंडांच्या पुढे जातो, आणि तिथपासून मिनेसोटात ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. सुरक्षा साखळ्या आणि मागचे दिवे तर हवेतच.

रोझो म्हणजे स्नोमोबाइल बनवणाऱ्या पोलारिस कंपनीचं गाव, ती तिथे १९५४ मध्ये सुरू झाली. तिथवर पाच-सहा तासांचा रस्ता आहे. व्यावसायिक चालकाला पहिल्या ५० मैलांच्या आत थांबून माल तपासावा लागतो. तुम्हीही थांबा, पट्टे थोडे सैल झालेले सापडतील. परतताना स्कींखालचा आणि ट्रॅकमधला (गाडीखालच्या फिरत्या पट्ट्यातला) बर्फ आधी झाडून टाका, मगच आवळा. नाहीतर तो वाटेत वितळतो आणि पट्टे ढिले पडतात.