‘व्यसनी स्वभाव’ असा काही खरंच असतो का?

तुम्ही लिहिलंय की धाकटा भाऊ २६ वर्षांचा, लहानपणापासून तापट आणि तितकाच हळवा, आता रोज पितो, आणि घरात सगळ्यांनी ठरवून टाकलंय की "त्याचा स्वभावच व्यसनी आहे, कोणी काही करू शकत नाही". मानसशास्त्र असा स्वभाव मानतं का, हा तुमचा प्रश्न. मी एका व्यसनमुक्ती केंद्रात काउन्सेलर आहे, जवळजवळ प्रत्येक घरातून हे विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नाही मानत. बघताक्षणी सांगता येईल की हा पुढे व्यसनी होणार, असा एकच स्वभाव कोणाला सापडलेला नाही, आणि लोकांनी शोधायचं कमी केलं अशातलाही भाग नाही. स्वभावाचा संबंध मात्र आहे, चांगलाच आहे, फक्त घरचे समजतात तसा नाही.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात पूर्वी कॉलेजला नव्याने आलेल्या मुलांकडून एमएमपीआय नावाची पर्सनॅलिटी टेस्ट भरून घ्यायचे, ५०० च्या वर वाक्यं, प्रत्येकाला खरं की खोटं एवढंच सांगायचं. त्यातले काही जण पुढे, सरासरी १३ वर्षांनी, दारूच्या उपचारासाठी दाखल झाले, आणि १९७० च्या दशकात संशोधकांनी त्यांचे ते कॉलेजातले जुने पेपर बाहेर काढून बघितले. तर ही मुलं त्या वयात खचलेली, दुःखी वगैरे नव्हतीच! वर्गातल्या बाकीच्यांपेक्षा जरा जास्त उतावळी, नियम न जुमानणारी, चारचौघांत रमणारी, इतकंच. आणि उपचाराला आल्यावर त्याच माणसांची टेस्ट परत घेतली तर नैराश्य आणि अस्वस्थतेचे आकडे वर गेलेले. हार्वर्डचे मानसोपचारतज्ज्ञ जॉर्ज व्हॅलंट यांनी हार्वर्डचे विद्यार्थी आणि बॉस्टनच्या गरीब वस्तीतली मुलं असे दोन गट कित्येक दशकं फॉलो केले, आणि १९८३ मध्ये त्यांनी पण साधारण हेच मांडलं, की माणूस दुःखी होता म्हणून दारुडा झाला असं आपण मागाहून म्हणतो, बऱ्याचदा दारूने त्याला दुःखी केलेलं असतं.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण तुमच्या घरात ज्याला भावाचा स्वभाव म्हणतायत, म्हणजे खोटं बोलणं, पैसे लपवणं, कोणाशी न बोलणं, सकाळी उठल्यापासून चिडचिड, त्यातलं बरंचसं दारूचं काम असू शकतं. दारू बंद होऊन तीन-चार आठवडे गेले की कित्येकांची उदासी आपोआप बरीच कमी होते, हे अभ्यासातही दिसलंय आणि आम्ही वॉर्डात रोज बघतो. तो माणूस मुळात कसा आहे हे पिणं चालू असताना ठरवूच नये.

आता स्वभावाचा खरा संबंध कुठे येतो ते सांगते. कॅनडात मॉन्ट्रियलला पॅट्रिशिया कॉनरॉड म्हणून संशोधक आहेत, त्यांनी चार कल वेगळे काढले: सतत निराश असणं, छातीत धडधडलं तरी घाबरून जाणं, विचार न करता कृती करणं, आणि थराराची ओढ. चौघांच्या पिण्याची कारणं वेगवेगळी. निराश मुलगा विसरायला पितो, घाबरट मुलगा चार लोकांत बोलता यावं म्हणून पितो, थरारवाला मजेसाठी, आणि उतावळ्याला समोर बाटली आली की नाही म्हणणं जमत नाही. बाहेरून चौघंही सारखेच दिसतात आणि आपण चौघांना एकच लेक्चर देतो, "दारू वाईट, लिव्हर खराब होतं". ते लेक्चर का चालत नाही हे इथेच कळतं. कॉनरॉड यांनी शाळेतल्या मुलांचे असे कल ओळखून ज्याच्या त्याच्या कलाप्रमाणे फक्त दोन वर्कशॉप घेतली, मॉन्ट्रियलच्या ३१ शाळांमध्ये पाच वर्षं त्याचा पाठपुरावा केला, आणि ज्या शाळांत वर्कशॉप झाली तिथे व्यसनाचं प्रमाण वर्षागणिक वाढायचं ते कमी वाढलं.

तुमचा भाऊ तापट आणि हळवा दोन्ही आहे म्हणता, त्यावरून मला आणखी एक गोष्ट आठवते. आपण सरसकट ज्याला उतावळेपणा म्हणतो त्याचे २००१ मध्ये व्हाइटसाइड आणि लायनम या दोन मानसशास्त्रज्ञांनी वेगवेगळे भाग पाडले. त्यातला एक असा की माणूस एरवी शहाणा, हिशोबी, नोकरी नीट करणारा, पण राग आला, अपमान झाला, एकटं वाटलं की त्या क्षणी हातून भलतंच होऊन जातं. भावना सहन होत नाही आणि ती आत्ताच्या आत्ता घालवायची असते. दारूच्या त्रासाशी जे गुण जोडलेले दिसतात त्यात हा फार वरचा आहे. पुढे सायडर्स आणि स्मिथ या संशोधकांनी दाखवलं की खूप आनंद झाला तरी काहींचं असंच होतं, म्हणून दारूतून सुटलेला माणूस पगारवाढ मिळाल्याच्या दिवशी परत पितो आणि घरच्यांना कळतच नाही की आता काय झालं, सगळं तर चांगलं चाललं होतं!

म्हणून मी पेशंटला स्वभाव कसा आहे हे विचारतच नाही, कधी प्यायलास ते विचारते आणि एका साध्या वहीत लिहायला लावते, दिवस, वेळ, कुठे, कोणाबरोबर, आणि त्याच्या आधीच्या तासात काय झालं. टेम्पो चालवणारे एक जण होते, ओळख कळेल असं काही सांगत नाही, त्यांचं ठाम म्हणणं होतं की मला नुसती सवय लागलीय, बाकी काही नाही. त्यांची वही अशी होती: "मंगळवार साडेसात, गोडाऊनच्या बाहेर, शेठ चारचौघांत बोलला, क्वार्टर." "शुक्रवार, घरी पोरीच्या फीचा विषय निघाला, बाहेर पडलो, क्वार्टर." "रविवार, मित्र, दोन पेग, जेवलो, झोपलो." मी काही न बोलता वही त्यांच्याकडे फिरवली, त्यांनी स्वतःच बोट ठेवून वाचली आणि म्हणाले, मॅडम, लाज वाटली त्या दिवशी मी काउंटरला उभ्याउभ्या घेतली, पाणीसुद्धा नीट घातलं नाही. एवढं दिसल्यावर कामाला जागा मिळाली. शेठ बोलल्यापासून दुकानात पोचेपर्यंत वीसेक मिनिटं जातात, त्या वीस मिनिटांत काय करायचं यावर आम्ही बोललो, गाडी दुसऱ्या रस्त्याने काढायची, मेहुण्याला फोन लावायचा, आधी काहीतरी खायचं. तलफ येते, चढते आणि आपण काही केलं नाही तरी थोड्या वेळाने ओसरते, हे पहिल्यांदा अनुभवलं की माणसाचा चेहरा बदलतो, मी बघितलंय.

ॲलन मार्लॅट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी सुटलेली माणसं परत कशी पडतात याचा अभ्यास केला तेव्हा सुमारे ३५ टक्के वेळा कारण होतं राग, उदासी, कंटाळा यांसारख्या भावना, १६ टक्के वेळा कोणाशी तरी भांडण, आणि २० टक्के वेळा मित्रांचा आग्रह. भांडणाचा आकडा घरच्यांनी जरूर लक्षात ठेवावा, कारण रात्री तो पिऊन आल्यावर दारातच होणारी भांडणं मी किती घरांतून ऐकलीयेत, त्यातून दुसऱ्या दिवशीच्या पिण्याची तयारीच होते. बोलायचं ते सकाळी, शुद्धीत असताना.

आणि "कोणी काही करू शकत नाही" याबद्दल. अनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा धरतात, म्हणजे उरलेला निम्मा मोकळा आहे. व्हिएतनाम युद्धात जवळजवळ दर पाचातला एक अमेरिकन सैनिक तिथे असताना हेरॉइनसारख्या ड्रग्जच्या आहारी गेला होता, परत आल्यावर ली रॉबिन्स या अमेरिकन संशोधक बाईंनी त्यांचा पाठपुरावा केला तर पहिल्या वर्षात त्यातले साधारण ५ टक्केच परत आहारी गेलेले निघाले. स्वभाव तोच होता, जागा, माणसं, माल मिळणं आणि मनावरचा ताण बदलला. दारूला हे जसंच्या तसं लागू होत नाही, दारू तर इथे प्रत्येक नाक्यावर आहे, पण स्वभाव म्हणजे ब्रह्मलिखित नव्हे एवढं नक्की कळतं. जवळचं उदाहरण हवं असेल तर गोव्यात १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग झाला, २०१७ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, डॉक्टर नसलेल्या, फक्त ट्रेनिंग दिलेल्या काउन्सेलरनी पुरुषांशी जास्तीत जास्त चार वेळा बसून बोलणं केलं, तर तीन महिन्यांनी ३६ टक्के लोक धोक्याच्या पिण्यातून बाहेर आले होते, नुसत्या नेहमीच्या सल्ल्यावर २६ टक्के. ते लोक पूर्ण आहारी गेलेले नव्हते हे खरं, तुमच्या भावाला जास्त मदत लागू शकेल.

एक गोष्ट मात्र आधी बघा. सकाळी त्याचे हात थरथरतात का, घाम येतो का, प्यायल्याशिवाय उठवत नाही का? तसं असेल तर शपथ घालून एकदम बंद करायला लावू नका, देवासमोर तर नकोच, अचानक थांबवल्याने फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवावरही बेतू शकतं. आधी सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात दाखवा, गोळ्यांच्या आधाराने ते पाच-सात दिवस सुखरूप पार पडतात. कुठे जायचं कळत नसेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं, तो तयार नसेल तरी तुम्ही स्वतः फोन करा, घरच्यांशी पण बोलतात.