नवा फोन घेण्याआधी बॅटरी बघ

जुना आयफोन रखडतोय, बोट टेकवल्यावर अक्षर उमटायला क्षणभर उशीर होतोय, म्हणून लगेच नवा घेऊ नकोस. आधी सेटिंग्जमध्ये बॅटरी हेल्थ उघड. मॅक्झिमम कपॅसिटी, म्हणजे नवी असतानाच्या तुलनेत बॅटरी आता किती चार्ज धरते तो आकडा, 80 टक्क्यांखाली गेला असेल तर दुखणं बहुधा तिथंच आहे. थकलेल्या बॅटरीवर फोन अचानक बंद पडू नये म्हणून ॲपल प्रोसेसरचा वेग उतरवतं. कारण पटण्यासारखं आहे, पण ग्राहकांना ते आधी नीट सांगितलंच नव्हतं! डिसेंबर 2017 मध्ये बोभाटा झाला तेव्हा कबुली दिली, माफी मागितली, अमेरिकेत बॅटरी बदलाचा दर 79 डॉलरवरून 29 वर आणला. त्या लपवाछपवीचा मला अजून राग येतो. दुकानदार एक्सचेंजचं गाजर दाखवेलच. तू आधी नव्या बॅटरीचा खर्च विचार.