उच्चार स्वच्छ, पण गोष्ट सांगता येत नाही

प्रश्न : मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. दुसऱ्या वाढदिवसाला जेमतेम दहा-बारा शब्द बोलायचा. शब्द जोडायला तिसरं वर्ष उजाडलं. आता उच्चार स्वच्छ आहेत, पण शाळेत काय झालं ते धड सांगता येत नाही. पुढे वाचनात अडेल का? शाळेतून सांगतात, घरात मराठी बंद करा, हिंदीच बोला.
– एक आई, इंदूर

उत्तर : मराठी बंद करू नका. दोन भाषांमुळे बोलणं अडत नाही. मुळात अडचण असेल तर ती दोन्हींत दिसते. तो ‘ती पुस्तक’ म्हणत असेल तर ती हिंदीची सावली. इंदुरात मोठ्यांच्या तोंडीही सापडेल. ‘मी काल पोहे खातो’, ‘बाबा खुर्ची बसले’ असं मात्र अजूनही सतत येत असेल, तर तपासायला हवं.

उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे बरोबरीला येतात. पण उच्चार सुधारले म्हणजे भाषा आली असं नाही, आणि फसगत इथेच होते. वाचनात अक्षरांवरून शब्द उकलावा लागतो आणि उकललेल्याचा अर्थही लागावा लागतो. भाषा कच्ची असलेली काही मुलं पहिली-दुसरीत खडखडीत वाचतात, कुणाला शंकाही येत नाही. तिसरी-चौथीत धडे लांबले, शाब्दिक गणितं आली, की गाडी अडते.

आधी कान तपासा. ‘हाक मारली की बघतो’ ही तपासणी नव्हे. सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साचलं तर टीव्ही ऐकू येतो, पण बोलण्यातले हलके आवाज निसटतात. ऑडिओमेट्रीबरोबर (ऐकण्याची चाचणी) टिंपॅनोमेट्रीही (पडद्याची हालचाल पाहणारी चाचणी) करून घ्या. मग वाचा-भाषातज्ज्ञ गाठा. दोन्ही भाषांतलं बोलणं आणि गोष्ट सांगणं तपासायला सांगा, नुसते उच्चार नकोत.

घरी रोज पंधरा मिनिटं, आठवडाभर एकच पुस्तक. प्रश्न विचारलात की मनात पाच अंक मोजा. आपणच घाईने उत्तर देऊन टाकतो. तो ‘कुत्रा पळाला’ म्हणाला की ‘हो, फटाका वाजला म्हणून कुत्रा पळाला’ एवढंच म्हणा. वदवून घेऊ नका. ‘म्हणून’, ‘तरी’, ‘आधी’ हे शब्द कानावर पडू देत. शब्द उकलायला मदत व्हावी म्हणून मधूनच टाळ्या वाजवत ‘भा-तु-क-ली’ तोडा. पुढे ‘कमळ’मधून ‘क’ काढून काय उरतं ते विचारा. सगळं तोंडी, पाटी नको.

‘कि’ची वेलांटी आधी दिसते, आवाज मागून येतो, तिथे बरीच मुलं गोंधळतात, त्याची धास्ती नको. घरात कुणाला लहानपणी वाचन जड गेलं असेल, तर ते मात्र तज्ज्ञांना आवर्जून सांगा.