बटणं बोलतात, तू कधी बोलणार?

"मुलगा सव्वादोन वर्षांचा झाला, शब्द जेमतेम सात-आठ. खेळण्यांना काही कमी नाही. बटण दाबलं की गाणी म्हणणारी, आकडे सांगणारी, सगळी आहेत. तरी हा बोलत का नाही? दोन भाषांचा गोंधळ होतोय का?" असं तू परदेशातून लिहिलंयस. शिवाय आजी-आजोबांचे प्रश्न आणि नर्सरीची धास्ती.

भाषांचं आधी उरकते. दोन भाषांमुळे मूल बोलण्यात मागे पडत नाही. शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोज. पण दोन वर्षं उलटूनही पन्नासच्या आत शब्द असतील आणि दोन शब्द जोडत नसेल, तर कानांची तपासणी आणि स्पीच थेरपिस्टची वेळ आजच घे. 'मुलगे उशिराच बोलतात' असं म्हणत बसू नकोस.

आता खेळणी. अगं, सगळं तीच बोलायला लागली तर तू कधी बोलणार? अमेरिकेत २६ पालक आणि त्यांच्या १० ते १६ महिन्यांच्या बाळांवर एक अभ्यास झाला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. आवाज करणारी खेळणी हातात असताना आईबाप कमी बोलले. ठोकळ्यांशी खेळताना जास्त, पुस्तक उघडल्यावर त्याहून जास्त. दिवसभर राबून आलेल्या माणसाला गाणारं खेळणं आधार वाटतं, मला कळतं. परक्या देशात हाताखाली कुणी नसतं. पण बॅटऱ्या काढ त्यातल्या.

माझी सून नातीला झाकणाचा डबा आणि चमचे द्यायची. चमचा पडला की म्हणायची, "टाकला! आत गेला!" मग झाकण घट्ट लावून गप्प. नात डबा हलवायची, आईच्या तोंडाकडे बघायची. आई तरी गप्प. शेवटी "उघ!" आलं. "उघड? उघडूया!" म्हणत झाकण निघालं की पुन्हा तोच खेळ.

ते गप्प बसणं तुला जमवायचंय. आपल्याला घाई फार. लेकराने तोंड उघडायच्या आत आपण वस्तू हातात देतो, नाहीतर परीक्षा घेतो: हे काय? रंग कोणता? तो "गाडी" म्हणाला तर तू "गाडी पळाली" म्हण आणि पाच-दहा सेकंद वाट बघ. बाहुली झोपव, उठव, पूस, लपव. नुसती नावं नकोत, क्रियापदंही कानावर पडू देत. तीन-चारच खेळणी बाहेर ठेव, बाकी कपाटात.

आजीला सांग, कॉलवर "बोल ना रे" नको. तिने एक चेंडू पदराआड लपवावा, याने शोधावा. नर्सरीचं म्हणशील तर तिथल्या बाईंना त्याचे घरचे शब्द, पाणी, शू, नको, त्यांच्या लिपीत लिहून दे.